कुस्ती एक नव्हे : मल्लविद्येचे प्रकार आणि वैद्याची दृष्टी

रुग्णपत्रिकेत 'व्यायाम' या रकान्यापुढे आपण 'कुस्ती' हा एकच शब्द लिहितो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. रुग्ण पैलवान आहे, तेव्हा प्रकृती बलवान, अग्नी तीक्ष्ण, कोष्ठ मध्यम, आणि व्याधी बहुधा अभिघातज असे गृहीत धरून चिकित्सा सुरू होते. गेल्या काही वर्षांत मात्र आमच्याकडे येणाऱ्या तरुणांत जत्रेतला मातीचा मल्ल असतो, क्रीडा प्रबोधिनीत गादीवर सराव करणारा असतो, शाळेत ज्युदो शिकणारी मुलगी असते, आणि आता पुण्या-मुंबईकडे ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकणारा संगणक अभियंताही असतो. चौघेही 'कुस्ती खेळतो' किंवा 'कुस्तीसारखेच काहीतरी' असे सांगतात. चौघांची दुखणी मात्र निराळी असतात.

हा भेद कोठून येतो याचा विचार करता आमच्या असे ध्यानात आले की, प्रत्येक पद्धतीत हार कशाला म्हणतात, यावर तिचे सारे अंग उभे असते. पाठ टेकली म्हणजे हरला, असा नियम असेल तर मल्ल पाठ वाचवण्यासाठी मान खर्ची घालतो. हात मोडायची वेळ आली म्हणजे हरला, असा नियम असेल तर तो पाठ खुशाल टेकतो आणि कोपर सांभाळतो. शरीर नियमाप्रमाणे घडते आणि बिघडतेही नियमाप्रमाणेच. प्रस्तुत लेखात निरनिराळ्या पद्धतींची ही तुलना वैद्यकीय अंगाने मांडण्याचा विचार आहे. कोणती पद्धत श्रेष्ठ, हा वाद तालमीच्या कट्ट्यावर रंगू द्यावा. तो आपला विषय नव्हे.

शास्त्राला हा विषय परका नाही. वाग्भटाचार्यांनी हेमंतचर्येत वातघ्न तेलाचा अभ्यंग, शिरस्तैल व विमर्दन यांच्याच ओळीत नियुद्ध सांगितले आहे. आणि तेही कुशल मल्लांबरोबर करावे, असे बजावले आहे. अनाडी जोडीदाराबरोबर केलेल्या सरावातूनच बहुतेक इजा होतात, हे ज्याने एकदा तरी तालीम पाहिली आहे त्याला सांगावयास नको. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात तर मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. परंपरेने मल्लयुद्धाचे हनुमंती, भीमसेनी, जांबुवंती आणि जरासंधी असे चार प्रकारही सांगितले जातात. हनुमंतीत युक्ती, भीमसेनीत बळ, जांबुवंतीत कोंडी करून शरण आणणे आणि जरासंधीत अवयवच निकामी करणे. हे वर्गीकरण पुढे उपयोगी पडणार आहे.

माती

आपल्या मातीवरच्या कुस्तीत चितपट हाच खरा निकाल. दोन्ही खांदे जमिनीला लागले की कुस्ती संपली. आज माती विभागातही स्पर्धेत वेळ आणि गुण आले असले, तरी जत्रेतली निकाली कुस्ती अजून जुन्या चालीनेच लावली जाते. या खेळाची गती संथ, आणि झोंबी दीर्घ. मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून कितीतरी वेळ खडाखडी करीत राहतात. त्यामुळे येथील रुग्णांत मन्यास्तंभ अधिक. घिस्सा, ढाक, कलाजंग यांसारखे डाव आणि ते पडू नयेत म्हणून मानेवर कमान करून शरीर उचलून धरणे, यांत ग्रीवेच्या सांध्यांवर संपूर्ण दोन देहांचा भार येतो. कृकाटिका हे शिर आणि ग्रीवा यांच्या सांध्यावरील मर्म वैकल्यकर का मानले, ते येथे प्रत्यक्ष दिसते. मान धरली म्हणून आलेल्या मल्लाला हाताला मुंग्या येतात का, पकड सैल झाली आहे का, हे विचारल्यावाचून मर्दनाला हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. होकार आला तर आधी प्रतिमा काढून घ्यावी. तेल, शेक, बस्ती हे सर्व त्यानंतर.

हौद्याची माती ही स्वतः एक कल्पच आहे. तांबडी माती चाळून तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर, कोठे कडुनिंबाचा पाला घालतात आणि ती रोज खणून मोकळी ठेवतात. अशा मऊ मातीत पडणे सुसह्य होते, उद्घर्षण आपोआप घडते, आणि पाय अनवाणी असल्याने गुडघ्याला पीळ बसण्याआधी तळवा सरकतो. याचा अर्थ माती निर्दोष, असा नव्हे. तीत शेकडो देहांचा घाम व खरचटलेल्या जखमांचे रक्त मुरते. खरचटलेल्या प्रत्येक मल्लाला धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली, हे विचारणे हा वैद्यधर्म आहे. 'मातीत औषध असते' या उत्तराने आपण समाधान मानू नये.

कानाविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. फुगून आवळलेला कान हे पैलवानाचे भूषण मानले जाते आणि त्यामुळे तो उपचारासाठी येतच नाही. घर्षणाने कूर्चा आणि तिच्यावरील आवरण यांच्यामध्ये रक्त साठते. कूर्चेचे पोषण त्या आवरणातूनच होत असल्याने ती पुढे सुकते आणि वेडीवाकडी घट्ट होते. पहिल्या काही दिवसांतच ते रक्त निर्जंतुक पद्धतीने काढून वर दाब देऊन बांधले, तर कान वाचतो. हे काम कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे सोपवावे. लेपाने हे साधत नाही.

आणि खुराक. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण हे मातीच्या मल्लाचे जुने अन्न. जेथे वजनाचा गट नव्हता आणि जोडी अंदाजाने लागे, तेथे देह जड असणे हाच लाभ होता. ते अन्न पचवणारा व्यायामही तितकाच होता. आमच्याकडे येणाऱ्या चाळिशीपुढील पैलवानांत प्रमेह आणि स्थौल्य वारंवार आढळते, कारण कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही. वजनगट नसलेल्या जपानी सुमोतही अवजड देह हेच भांडवल. तेथे तर साडेचार मीटर व्यासाच्या मातीच्या वर्तुळाबाहेर ढकलले, किंवा तळव्यांखेरीज कोणतेही अंग जमिनीला लागले, की हार. चितपटाचा प्रश्नच नाही, म्हणून मान वाचते. परंतु सारा भार गुडघ्यांवर येतो.

गादी

कै. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा आंतरराष्ट्रीय नियमांची गादीवरची कुस्ती त्यांना नवीन होती. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्याच गटातील सुवर्णपदकाचे मानकरी जपानचे शोहाची इशी हे मूळचे ज्युदोकार होते. एका पद्धतीत घडलेला देह दुसऱ्या पद्धतीत जिंकू शकतो, हे तेथे दोनदा सिद्ध झाले. मात्र त्यासाठी देह नव्याने घडवावा लागतो. आपल्याकडे १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता अंतिम फेरीत समोरासमोर येतात. प्रेक्षकाला ती रंगतदार लढत वाटते. वैद्याच्या दृष्टीने मात्र दोन वेगवेगळ्या सवयींचे सांधे तेथे एकमेकांना भिडलेले असतात.

गादीवरील फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. खांदे न टेकवताही दहा गुणांच्या आघाडीवर निकाल लागतो. म्हणून येथे संथ झोंबीला वाव नाही. एकेरी पट, दुहेरी पट, पायाला झेप, पुन्हा झेप. पायात बूट असतात आणि गादी बुटाला धरून ठेवते. वरचा देह फिरतो, पाऊल फिरत नाही, आणि मधला गुडघा पिळला जातो. जानुमर्माच्या विघाताने खंजता येते, हे सुश्रुताचार्यांचे निरीक्षण गादीवरच्या मल्लाइतके दुसऱ्या कोणाला लागू पडत नाही. गुडघा सुजला, 'कट्' असा आवाज आला आणि त्यानंतर पायऱ्या उतरताना तो निसटतो, असे वर्णन ऐकले की बंधाची तूट असावी असे समजून अस्थिरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. जानुबस्तीने सूज उतरेल. तुटलेला बंध तिने जोडला जात नाही, आणि सूज उतरल्यावर मल्ल पुन्हा गादीवर उभा राहतो, हाच खरा धोका.

ग्रीको-रोमन पद्धतीत कंबरेखाली हात लावण्यास व पायांचा उपयोग करण्यास मनाई आहे. या एका मनाईने सारे चित्र पालटते. गुडघा बराच सुटतो. छातीला छाती लावून प्रतिस्पर्ध्याला उचलून मागे फेकणे हाच तेथील मुख्य उपाय असल्याने बरगड्या, खांदा आणि कटी यांची दुखणी येतात. अंसमर्माच्या विघाताने होणारी स्तब्धबाहुता येथे पाहावयास मिळते. तोच मल्ल, तीच गादी, तेच बूट. नियम बदलला, व्याधीचे स्थान बदलले.

अभ्यंगासंबंधी एक व्यावहारिक गोष्ट. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार गादीवर उतरताना अंगाला तेलकट किंवा चिकट पदार्थ लावण्यास मनाई आहे. तेव्हा स्पर्धेच्या दिवशी सकाळी अभ्यंगाचा सल्ला देणारा वैद्य आपल्या रुग्णाला अडचणीत आणतो. याच्या नेमके उलट तुर्कस्तानात, एदिर्ने येथील कर्कपिनारच्या प्रसिद्ध मैदानात, चामड्याची विजार घातलेले मल्ल ऑलिव्हच्या तेलात न्हाऊनच लढतात. पकड मिळूच नये, ही तेथील परीक्षा. एका ठिकाणी जे अपथ्य, ते दुसऱ्या ठिकाणी अनिवार्य!

गादीचा आणखी एक दोष म्हणजे त्वचाविकार. दद्रु सर्वत्र आढळते. पण चेहऱ्यावर, मानेवर किंवा बाहूवर पुंजक्याने आलेले, दाह करणारे बारीक फोड दिसले तर ते विसर्पसदृश विषाणुजन्य विकाराचे असू शकतात. १९८९ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील एका कुस्ती शिबिरात १७५ पैकी ६० मुलांना अशा नागिणीसारख्या फोडांचा संसर्ग झाल्याची नोंद आहे. डोळ्याजवळ फोड असेल तर क्षणाचाही विलंब नको. मुलाला सरावापासून दूर ठेवावे, आणि वस्तादांना तसे लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले तालमीत टिकत नाही.

ज्युदो आणि जिउ-जित्सू

जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदोची स्थापना केली आणि १९६४ साली टोकियो येथे तो ऑलिंपिकमध्ये आला. प्रतिस्पर्ध्याला वेगाने, जोराने, ताब्यात ठेवून पाठीवर आपटले की सामना तेथेच संपतो. वीस सेकंद पाठीवर दाबून ठेवले, किंवा मान आवळून अथवा कोपर ताणून शरण आणले, तरीही विजय मिळतो. लढत जाड अंगरख्याला धरून होते, म्हणून ज्युदोकाराची बोटे आणि खांदे आधी थकतात. आमच्या मते ज्युदोची सर्वांत मोठी देणगी म्हणजे पडावयास शिकवणे. नवख्याला प्रथम फेकावयास नव्हे, हनुवटी छातीला लावून हात आपटून पडावयास शिकवतात. आपल्या तालमींनी हे उचलावे, असे मनापासून वाटते.

हे शिक्षण अपुरे राहिले तर काय होते, याचा धडा जपाननेच दिला आहे. १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत तेथील शाळांमध्ये ज्युदोच्या सरावात शंभराहून अधिक विद्यार्थी दगावल्याचे संशोधकांनी उघडकीस आणले. त्यांत मस्तकाला लागलेला मार हे प्रमुख कारण होते, आणि नवख्या मुलांचे प्रमाण मोठे होते. पालक मुलाला 'पडला होता, आता डोके दुखते' म्हणून आपल्याकडे घेऊन येतात. उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, दृष्टी दुहेरी होणे यांपैकी काहीही असेल तर शिरोभिघात समजून तत्काळ रुग्णालयात पाठवावे. काहीही नसले तरी डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत आणि तज्ज्ञाने परवानगी देईपर्यंत सराव बंद. पहिला मार भरून येण्याआधी बसलेला दुसरा मार अनेकपट घातक ठरू शकतो.

मान आवळण्याच्या डावात श्वासनलिका नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. शुद्ध काही सेकंदांत हरपते, आणि सोडताच परत येते. ग्रीवेच्या दोन्ही बाजूंच्या सिरामातृकांना सद्यःप्राणहर मर्मे का म्हटले, याचे इतके उघड प्रात्यक्षिक दुसरे नसेल. नियमांत, पंचाच्या नजरेखाली, शरण येताच सोडून देण्याच्या शिस्तीत हा डाव चालतो. मुले तो दूरदर्शनवर पाहून अंगणात करतात, ते चालत नाही.

कानोंचे शिष्य मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचले आणि त्यांच्याकडून ही विद्या ग्रेसी घराण्यात गेली. तिचे पुढे जे रूप झाले ते ब्राझिलियन जिउ-जित्सू. येथे पाठ टेकणे ही हार नाहीच. पाठीवर निजूनच पायांच्या कैचीत प्रतिस्पर्ध्याला अडकवणे हे कौशल्य मानतात. आपल्या मातीतील पैलवानाला हे पाहून हसू येते. परंतु जुन्या जांबुवंतीचाच हा सातासमुद्रापारचा भाऊबंद आहे. येथे निर्णय सांध्यावर होतो. कोपर उलट ताणले जाते, खांदा पिळला जातो, टाच धरून गुडघा फिरवला जातो. आणि पिळलेल्याने हाताने थाप मारून हार मान्य करायची असते. जो लाजेने थाप उशिरा मारतो, तो आपल्याकडे येतो. टाचेच्या पकडीत वेदना उशिरा जाणवते आणि बंध आधी तुटतो, असे जाणकार सांगतात, म्हणून 'फारसे दुखत नव्हते' या रुग्णाच्या शब्दावर विसंबू नये. कूर्परमर्माच्या विघाताने हात कुणि होतो, हे ज्ञात आहेच. अशा कोपराला पहिल्या दिवसांत मर्दन करू नये. स्थिर ठेवावे, गार लेप द्यावा, पूर्ण सरळ होते का ते पाहावे.

वजनाचा तराजू

आतापर्यंतच्या दुखण्यांत मार देणारा प्रतिस्पर्धी होता. पुढील प्रकारात मार देणारे आपणही असू शकतो, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

मातीच्या जुन्या कुस्तीत नसलेला तराजू गादी, ज्युदो आणि जिउ-जित्सू या तिन्ही ठिकाणी आहे. खालच्या गटात खेळण्यासाठी मल्ल दोन-चार दिवसांत काही किलो उतरवतो. त्यांतला मेद थोडा आणि उदक फार. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळीच घेतात, आणि दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्याचे पुन्हा घेतात. पॅरिस येथे ६ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगट हिने ५० किलो गटात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली. रात्रभर घाम काढून, केससुद्धा कापून, दुसऱ्या सकाळी वजन १०० ग्रॅम अधिक भरले आणि ती अपात्र ठरली. देशाने पदक गमावल्याची हळहळ केली. आपण वैद्यांनी त्या रात्रीत एका देहातून किती उदक गेले असेल, याचाही विचार करावयास हवा होता. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेतील तीन विद्यापीठीय मल्ल याच प्रकारे, तप्त खोलीत रबरी पोशाख घालून व्यायाम करताना, दगावले. त्यानंतर तेथील विद्यापीठीय क्रीडासंस्थेने रबरी पोशाख, बाष्पस्नान, मूत्रल औषधे आणि रेचके यांवर बंदी घातली.

रेचके! औषधालयात येऊन 'पोट साफ होईल असे काहीतरी कडक द्या' असे मागणारा, गाल बसलेला, ओठ सुकलेला तरुण मल्ल आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याला एरंडस्नेह, जमालगोट्याचा इच्छाभेदी किंवा अन्य तीव्र रेचक देणे म्हणजे विरेचन नव्हे. विरेचनाला स्नेहन-स्वेदनाचे पूर्वकर्म आहे, नंतर संसर्जनक्रम आहे आणि बल परत येईपर्यंत विश्रांती आहे. येथे तर रुग्ण उपाशी, तृषित, आणि उद्या सकाळी लढणार. उदकवह स्रोतस आधीच कोरडे, त्यात रेचक. हृदयाची लय बिघडण्यास याहून अधिक काय हवे? बाष्पस्वेदाच्या पेटीची मागणी आली तरी उत्तर तेच. काम करावयाचे असेल तर ते स्पर्धेच्या दोन-तीन महिने आधी, लेखन आणि पथ्याच्या मार्गाने, हळूहळू करता येते. त्यासाठी मल्ल वेळेवर यावा लागतो. तो वेळेवर येत नाही, म्हणून आपण अवेळी देऊ नये.

अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, श्वास, रक्तपित्त, ज्वर, छर्दी होतात हे आपण पाठ केले आहे. अर्धशक्ती व्यायामाचा नियम पाळून पदके मिळत नाहीत, हेही खरे. मधला मार्ग सरावाच्या आखणीत आहे, औषधात नाही.

औषधालयासाठी

राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मल्लाची उत्तेजक चाचणी केव्हाही होऊ शकते, आणि नियम असा की, देहात जे सापडले त्याला खेळाडूच जबाबदार. 'वैद्यांनी दिले होते' हे उत्तर त्याला वाचवत नाही. येथे आपल्या मांडणीतल्या काही बाटल्यांकडे नव्याने पाहावे लागेल. कुचल्यातील स्ट्रिक्नीन स्पर्धाकाळात निषिद्ध उत्तेजकांच्या सूचीत आहे. म्हणजे वातविकारासाठी आपण सहज देतो ती विषतिंदुक वटी आणि अग्निमांद्यासाठीची अग्नितुंडी वटी अशा मल्लाला वर्ज्य. स्पर्धेच्या गावी पाणी बाधून अतिसार झाला म्हणून दिलेल्या जातिफलादी चूर्णात भांग आहे, कर्पूर रसात अहिफेन आहे. दोन्ही द्रव्ये स्पर्धाकाळात निषिद्ध. सोम म्हणून मिळणाऱ्या एफेड्रा जातीच्या वनस्पतीतील एफेड्रिनलाही मर्यादा आहे. वजन उतरवून गळून गेलेल्या खेळाडूला शिरेतून सलाईन लावणाऱ्या मित्रांनी हेही लक्षात ठेवावे की, बारा तासांत १०० मिलिलिटरहून अधिक द्रव शिरेतून देणे हे रुग्णालयीन उपचाराखेरीज नियमभंग ठरते. प्रकृती खरोखर बिघडली असेल तर दवाखान्यात सलाईन लावत बसू नये, रुग्णालयातच पाठवावे.

निनावी पुडीतून विकल्या जाणाऱ्या 'ताकदीच्या पावडरी'विषयी काय लिहावे! वरचे नाव अश्वगंधेचे, आत स्टेरॉइड, असा प्रकार उघड झाला की बदनामी आपल्या शास्त्राची होते. ज्या मालावर निर्मात्याचा परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि बॅच क्रमांक नाही, तो माल खेळाडूला देऊ नये. अतिसारात कुटजघन वटी किंवा बेलाचा मुरांबा, सांधेदुखीत योगराज गुग्गुळ आणि सरावानंतर संध्याकाळी बाहेरून महानारायण तेल, हे पर्याय हाताशी आहेत. देताना बिलावर बॅच क्रमांक लिहावा आणि ती बाटली स्पर्धा आटोपेपर्यंत टाकू नये, असे मल्लाला सांगावे.